अंगण, कुरण आणि वाडी

उत्तर कोकणात ‘वाडी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. घरांची वस्ती म्हणजे वाडी, आणि नारळ, सुपारी, केळी, पानवेल, चिकू यांची बागायत म्हणजेही वाडी. केळवे-माहीमपासून चिंचणी-तारापूरपर्यंत आणि पुढे डहाणू, घोलवड, बोर्डीपर्यंत समुद्राला धरून या वाड्या पसरल्या आहेत. इथल्या वाडवळ समाजाच्या नावातही वाडी आहे. जुन्या पद्धतीच्या वाडीत सहसा एकाच जातीची झाडे नसतात. नारळाच्या सावलीत सुपारी, सुपारीच्या बुंध्याला वेल, मधल्या मोकळ्या जागेत केळ, खाली आळू आणि हळद. पाणी सगळ्यांना एकाच पाटाने जाते. जुने झाड उन्हाचा चटका अंगावर घेते, म्हणून कोवळे रोप तगते.

नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना १९२६ सालची. त्या शंभर वर्षांकडे पाहताना तीन शब्द पुनःपुन्हा समोर येतात: बालवाडी, अंगणवाडी, विकासवाडी. तिन्ही शब्दांत वाडी आहे, आणि दोन्ही अर्थांनी आहे. मुलांची वस्ती आणि मुलांची बाग. हे शब्द ज्यांनी रुजवले त्यांना या किनाऱ्यावर आणि या डोंगरात जे उमगले, तेच या संस्थेच्या इतिहासाचे सार आहे. एकटे मूल वाढवता येत नाही. त्याच्याबरोबर त्याची ताई येते, पाठचे भावंड येते, आई आणि आजी येते, गुरेही येतात. यांतल्या कोणालाही बाहेर ठेवून शाळा उभी राहत नाही.

भावनगर ते दादर

संघाची मुळे सौराष्ट्रात आहेत. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. लहान मुलांना छडी आणि घोकंपट्टी यांच्या तावडीतून सोडवण्याचा तो ध्यास होता. मॅडम माँटेसरींची पद्धत त्यांनी आपल्या मातीत आणली. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. राजकोटला प्राचार्यपदाची मानाची जागा सोडून त्या आल्या होत्या. या दोघांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला आणि शिक्षणपत्रिकेतून नव्या बालशिक्षणाचा विचार घरोघर पोहोचवला. १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले.

या पहिल्या पर्वातले काम शहरांत झाले. मुलांच्या हातात द्यायची साधने सुरेख होती आणि महागही होती. शाळेत येणारी मुले आंघोळ करून, केस विंचरून, पोट भरून येत. ज्या मुलाच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही, त्याचे काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. गांधीजींच्या विचारांनी त्या प्रश्नाला धार आली. फ्रीड्रिख फ्रोबेलने १८४० मध्ये जर्मनीत आपल्या शाळेला ‘बालकांची बाग’ असे नाव दिले होते. त्या बागेत प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा असे आणि सगळ्यांचा मिळून एक मोठा वाफाही असे. ज्यांच्या आईबापांकडे वाफ्याएवढीही जमीन उरलेली नव्हती, अशा मुलांसाठी बाग कशी लावायची? ते शोधायला ताराबाई या किनाऱ्यावर आल्या.

बोर्डीचे अंगण

बोर्डी हे समुद्रकाठचे गाव तोवर शिक्षणासाठी नावाजले होते. आचार्य शं. रा. भिसे यांच्यासारखा माणूस तिथे पाय रोवून होता. आदिवासींच्या सेवेचे कामही त्यांनी अंगावर घेतले होते. डिसेंबर १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले, आणि ताराबाईंच्या सोबत तिथे अनुताई वाघ आल्या.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, मोरगावचा. लहानपणी लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. पुढे शिकून त्या पुण्यात शिक्षिका झाल्या. १९४५ मध्ये कस्तुरबा ट्रस्टच्या बोरिवलीच्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली. खेड्यात कामाला येणार का, असे विचारल्यावर त्या हो म्हणाल्या. तेव्हा अनुताई पस्तिशीत होत्या आणि ताराबाई पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. नव्या कामाला लागायचे वय उलटले, असे दोघींपैकी कोणालाच वाटले नाही.

बालवाडी सुरू झाली, पण ज्यांच्यासाठी ती होती ती मुले येईनात. आदिवासी आणि हरिजन वस्तीतल्या मुलांना गावातली ती जागा परकी वाटत होती. त्यांचे दिवसही रिकामे नव्हते. कोणी पाठचे भावंड कडेवर घेऊन फिरत होते, कोणी लाकूडफाटा वेचत होते. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. मूल शाळेपर्यंत येत नसेल, तर शाळेने मुलापर्यंत गेले पाहिजे, हा विचार तिथे पक्का झाला. बाई पाड्यावर गेल्या. झोपडीपुढचे अंगण झाडले, सारवले, आणि त्या अंगणातच बालवाडी भरली. आज देशभर सरकारी कागदावर आणि लोकांच्या तोंडी असलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द अशा अंगणातून आला आहे.

अंगणात शाळा गेल्याबरोबर तिचे रूप पालटले. बंद खोलीत मूल आणि बाई असे दोघेच असतात. अंगणात सगळे घर असते. म्हातारी आजी पडवीत बसून बघते, आई पाणी आणून देते, शेजारची मोठी मुलगी गोष्ट ऐकायला रेंगाळते. बाई मुलांना न्हाऊ घालत, केसांना तेल लावून विंचरत, नखे काढत. ते पाहून दुसऱ्या दिवशी एखादी आई ते काम आपल्या हाती घेई. महागड्या साधनांची जागा शिंपल्यांनी, गोट्यांनी, चिंचोक्यांनी, पानाफुलांनी, बांबूच्या तुकड्यांनी आणि मातीने घेतली. ही साधने विकत आणायची नव्हती, गोळा करायची होती. ते काम मुलेच उत्तम करू शकत होती. कुठल्या झाडाखाली कोणते बी सापडेल, हे बाईंपेक्षा पाड्यावरच्या पोराला जास्त ठाऊक होते. पहिल्याच दिवशी त्या मुलाला काहीतरी येत होते आणि ते बाईंना हवे होते. बालशिक्षणाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट घडली.

कोसबाडची टेकडी

१९५६-५७ च्या सुमारास केंद्र बोर्डीहून डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर आले. समुद्र मागे राहिला आणि आदिवासी पाडे जवळ आले. टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषिसंस्था होती. जयंतराव पाटील यांच्या नावाशी कोसबाडची ही शेतीची परंपरा कायमची जोडली गेली आहे. एका बाजूला शेतीचे शिक्षण आणि दुसऱ्या बाजूला बालशिक्षण, अशी ही टेकडी.

कोसबाडला विकासवाडी उभी राहिली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा या तिन्ही गोष्टी एकाच आवारात आणण्याची ही रचना होती. तिच्यामागचे कारण अगदी घरगुती होते. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नव्हती, कारण आई मजुरीला गेल्यावर तान्ह्याला तीच सांभाळत होती. तिला हजेरीपटावर आणायचे तर तिच्या कडेवरच्या बाळाची सोय लावणे भाग होते. म्हणून पाळणाघर हवे. मधले भावंड चार वर्षांचे, त्याला बालवाडी हवी. तिघांना एका वेळी एका ठिकाणी येता आले तरच तिघे येणार. सुट्टी झाली की ताई पाळण्याकडे धाव घेई आणि बाळाला खेळवून पुन्हा वर्गात येई. वयाप्रमाणे मुलांना वेगळे करून शिकवण्याची पद्धत जगभर चालते. त्या वयांना पुन्हा एका आवारात आणण्याचे काम विकासवाडीने केले.

बालवाडीच्या दिनक्रमात गाणी, गोष्टी, स्वच्छता आणि हस्तव्यवसाय यांच्या जोडीला निसर्गनिरीक्षण आणि बागकाम होते. लहान मुलाच्या हाताला झेपेल एवढेच काम त्याला द्यायचे, पण ते खरे काम असले पाहिजे, हा आग्रह माँटेसरींच्या विचारात आहे आणि गांधीजींच्या ‘नई तालीम’ या शिक्षणविचारातही आहे. तीन वर्षांच्या मुलाला कुदळ झेपत नाही, तांब्याभर पाणी झेपते. सहा वर्षांच्या मुलाला तण ओळखता येते. दहा वर्षांचा मुलगा आळे करतो. खत कधी घालायचे, बी किती खोल टाकायचे हे आजी सांगते. बागेत प्रत्येक वयाचे एकेक काम असते आणि एकाचे काम दुसऱ्याला करता येत नाही. म्हणूनच बागकाम हा विकासवाडीच्या रचनेचा उत्तम नमुना ठरतो.

गुरांमागे गेलेली शाळा

एवढे करूनही काही मुले सुटत होती. ती गुराखी होती. सकाळी गुरे सोडायची आणि संध्याकाळी परत आणायची, हे त्यांचे काम. घराला त्यांची मिळकत सोडणे परवडत नव्हते. या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे जिथे चरतात तिथे बाई किंवा गुरुजी जात. झाडाखाली मुले जमत. गुरांवर डोळा ठेवून शिकणे चाले. मोजायला दगड, पाने, गुरांचे पाय. वाचायला मातीवर काठीने काढलेली अक्षरे. झाडे, पाखरे, ढग, ओढा हा निसर्गपाठ तर भोवतीच होता.

कुरणशाळेत शिकवणाराही शिकत असे. पावसाच्या पहिल्या सरींनंतर शेवळे कुठे उगवते, त्याची खाज मारायला त्यात काकडाची फळे का घालतात, लोत, टाकळा, भारंगी, वास्ते या रानभाज्या कधी काढायच्या, हे सारे गुराखी पोरांना पाठ. भाताचा राब, चिखळणी, आवणी, कापणी, झोडणी या क्रमाने त्यांचे वर्ष चालते. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि आवणीही त्याच पावसात येते. आवणीच्या दिवसांत घरातले प्रत्येक माणूस शेतात असते. मुले गैरहजर राहिली म्हणून रागावण्यापेक्षा, आवणी हाही शिकण्याचा विषय आहे, हे मानणे जास्त शहाणपणाचे होते. शिक्षणाने लोकांच्या ऋतूप्रमाणे चालावे, हे कोसबाडने कुरणात बसून शिकले.

वेठ आणि आपले काम

या सगळ्या कामाला एक दुखरी पार्श्वभूमी आहे आणि ती सांगितल्याशिवाय हा इतिहास खरा होणार नाही. ज्या वर्षी बोर्डीत केंद्र सुरू झाले, त्याच वर्षी याच मुलखात वारल्यांचा लढा पेटला होता. २३ मे १९४५ रोजी झरी येथे आदिवासींची परिषद भरली आणि वेठबिगार बंद करण्याचा निर्धार झाला. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्या लढ्याच्या पुढे होते. लग्नासाठी कर्ज घेतले म्हणून नवराबायकोने जन्मभर सावकाराच्या घरी राबायचे, अशी लग्नगड्याची प्रथा इथे होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि माणसे मेली. त्यानंतर जेमतेम अडीच महिन्यांनी बोर्डीचे केंद्र उघडले.

ज्या घरातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीत फुकट राबून कंबर मोडून घेतली, त्या घरातल्या मुलाच्या हातात खुरपे द्यायचे, हे नाजूक काम होते. श्रमाचे महत्त्व त्यांना शिकवण्याची गरज नव्हती. श्रम त्यांच्या हाडात होता. त्यांच्या वाट्याला कधी आले नव्हते ते एवढेच: आपल्या मर्जीने केलेले काम, आणि ज्याचे फळ आपल्याच घरी येते असे काम. म्हणून बाईंनी आधी स्वतः झाडू हाती घेणे, मुलांना न्हाऊ घालणे, शेणाने सारवणे याला अर्थ होता. हुकूम देणारा एक आणि राबणारे दहा, हे चित्र मुलाने आयुष्यभर पाहिले होते. इथे प्रथमच शिकलेली, पांढऱ्या लुगड्यातली बाई त्याच्या शेजारी उकिडवी बसून तण काढत होती. वेठ आणि श्रमदान यांत बाहेरून फारसा फरक दिसत नाही, घाम तोच असतो. फरक असतो तो शेजारी कोण बसले आहे आणि भाजी कोणाच्या चुलीवर शिजणार आहे यात. या संस्थेत सर्वांनी मिळून काम करणे, ही या मुलखात फार वजनदार गोष्ट होती.

अनुताईंची वर्षे

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. त्यानंतर कामाची धुरा अनुताईंनी वाहिली. त्या स्वतः नोकरी करत करत, वयाच्या ५१ व्या वर्षी, १९६१ मध्ये बी. ए. झाल्या होत्या. शिकायला वय नसते, हे त्यांना कोणाला सांगावे लागले नाही. अंगणवाड्या आणि बालवाड्या चालवणाऱ्या बालसेविकांचे प्रशिक्षण हे त्यांच्या कामाचे मोठे अंग होते. या बालसेविकांमध्ये विशीतल्या मुली होत्या, तशा संसारातून आलेल्या पोक्त बायाही होत्या. गावोगाव गेलेल्या या बालसेविकांनी कोसबाडचे काम शंभर तोंडांनी सांगितले. अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन महाराष्ट्राने मनापासून वाचले. १९८२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने, प्रा. रमेश पानसे यांच्या साथीने ग्राममंगल ही संस्था उभी राहिली आणि डहाणू तालुक्यातल्या ऐने-दाभोण भागात कामाला लागली. १९८५ मध्ये अनुताईंना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. कोसबाडच्या टेकडीने त्यांच्यासारखी माणसे घडवली आणि त्यांनी त्या टेकडीला नाव दिले.

शब्द पुढे गेला

केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिच्या केंद्राला अंगणवाडी हे नाव मिळाले. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या मंजूर आहेत. ज्या भाषांत ‘अंगण’ हा शब्द बोलला जात नाही, तिथेही लोक अंगणवाडीच म्हणतात.

‘वाडी’ या शब्दाने आणखी एक वाट धरली. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला स्थापन केलेल्या बाएफ या संस्थेने १९८२ मध्ये गुजरातेत वांसदा भागात आदिवासी कुटुंबांसाठी फळबागेचा कार्यक्रम सुरू केला. एका कुटुंबाच्या साधारण एक एकर माळरानावर आंबा आणि काजू, मधल्या जागेत भाजी आणि धान्य, कडेने जंगली झाडांचे कुंपण. त्याला नाव मिळाले वाडी. पुढे हे काम जव्हारच्या डोंगरात आले. कलमे लहान असताना पहिली काही वर्षे डोक्यावरून पाणी आणून घालावे लागते. घरातली आजी, सून, शाळकरी नातू सगळे त्या पाण्याला लागले तरच कलम जगते. वाडीने घर बांधून ठेवले आणि घराने वाडी जगवली.

बोईसर-तारापूरच्या अंगणात

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याच्या पश्चिम भागात बोईसर-तारापूर आहे. १९६९ मध्ये इथे अणुवीज केंद्र सुरू झाले, मग औद्योगिक वसाहत वाढत गेली. देशाच्या कानाकोपऱ्यातून कामगार आले. चाळी, खोल्या, इमारती उभ्या राहिल्या. वाडवळ, आदिवासी, कोळी, आगरी, भंडारी यांच्या जोडीला उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची कुटुंबे आली. इथल्या अनेक अंगणवाड्यांना आता अंगणच उरलेले नाही.

अशा ठिकाणी ताराबाईंचा धडा पुन्हा उपयोगी पडतो. अंगणवाड्यांमध्ये पोषण वाटिका आणि शाळांमध्ये परसबाग करण्याचे धोरण आज शासनाने स्वीकारले आहे. जागा थोडी असली तरी हात धुण्याच्या जागेचे पाणी नालीने वळवले की केळ आणि आळू येतात. शेवग्याची एक फांदी रोवली की वर्ष-दोन वर्षांत पाला आणि शेंगा मिळतात. लाल माठ तीन-चार आठवड्यांत ताटात येतो. मांडवावर दुधी, काकडी, कारले चढते. ज्या जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या कुपोषणाने अनेकदा मन विषण्ण केले, त्या जिल्ह्यात मुलाच्या खिचडीत त्यानेच पाणी घातलेला पाला पडणे, हे नुसते हौसेचे काम नव्हे.

अशी बाग कशाने मरते, हे ज्यांनी लावली त्यांना विचारावे. ती बी नसल्याने मरत नाही. ती मे महिन्यात मरते. सुट्टी लागते, मुले गावी जातात, सेविका पाणी कितीदा घालणार? बोअरचे पाणी खाली जाते, शेळ्या कुंपण मोडतात. जिथे परसबाग फक्त बाईंची असते तिथे जूनमध्ये नुसती कोरडी माती उरते. जिथे शेजारच्या आजोबांनी संध्याकाळची बादली आपली मानली, जिथे दहावी झालेल्या मुलाने कुंपण बांधले, जिथे परप्रांतातून आलेल्या आईने आपल्या गावचे बी राखेतून काढून दिले, तिथे ती मे महिना ओलांडते. कोसबाडच्या टेकडीवर ताईच्या कडेवरच्या बाळासाठी पाळणाघर बांधले गेले, तेव्हा नेमकी हीच गोष्ट कळली होती. एकाला घ्यायचे तर सगळ्यांना घ्यावे लागते.

कृतज्ञता

संस्थेच्या इतिहासात काही नावे मोठ्या अक्षरांत लिहिली जातात आणि ती लिहिलीच पाहिजेत. पण ताराबाई आणि अनुताई यांचे काम तगले ते ज्यांची नावे कुठेच लागली नाहीत अशा माणसांच्या खांद्यावर. ज्या बालसेविका पहिल्या पावसात चिखल तुडवत पाड्यावर गेल्या. ज्या मोठ्या बहिणी पाळण्याला झोका देता देता बाराखडी शिकल्या. ज्या गुराखी मुलांनी आपल्या बाईंना कुरणातल्या वनस्पतींची नावे सांगितली. ज्या आयांनी वेठीच्या दिवसांची आठवण मनात असूनही आपल्या लेकराच्या हाती पुन्हा खुरपे दिले, कारण या वेळी ते आपल्या वाफ्यासाठी होते. आणि आजही बोईसरपासून बोर्डीपर्यंत, रणरणत्या मे महिन्यात, शाळेला कुलूप असताना, रोज संध्याकाळी एक बादली पाणी घेऊन जाणारे जे कोणी आजोबा, आजी, मुलगा, सून असतील, त्यांच्या त्या बादलीला या शंभर वर्षांचा इतिहास आदराने अर्पण.